लाईट बिल हातात घ्या आणि तिथून सुरुवात करा: नागपूरच्या एका घरातली कार्बन कमी करायची रीत

कार्बन, म्हणजे आपल्या वापरामुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड, कमी करायचा म्हणून आमच्या घरी सगळ्यात आधी आली कापडी पिशवी, मग स्टीलची बाटली, मग बांबूचे ब्रश, आणि वर्षभर आम्हाला वाटत होतं की आपण बरंच काही करतोय. मग एका रविवारी मी बारा महिन्यांची लाईट बिलं, गॅसचं पुस्तक आणि पेट्रोलचा अंदाज घेऊन डायनिंग टेबलवर बसले, कॅल्क्युलेटर घेतला, आणि दीड तासात लक्षात आलं की खरा आकडा आहे तो छतावरच्या उन्हात, कूलर-एसीत, गॅसच्या शेगडीवर आणि दोन गाड्यांच्या टाक्यांत. पिशव्या, बाटल्या वापराच, त्याने प्लास्टिक कमी होतं आणि तेही महत्त्वाचंच आहे, पण कार्बनसाठी आधी बिलं काढा. ही सगळी रीत नागपुरातल्या चार माणसांच्या घराची आहे, त्यामुळे उन्हाळ्याबद्दल जास्त लिहिलंय. तुम्ही पुण्या-नाशिकला असाल तर तो भाग थोडा कमी लागू पडेल, कोकणात असाल तर कूलरचं सोडूनच द्या.

हिशोब असा करायचा

तीन आकडे लक्षात ठेवा. विजेचं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, कारण आपल्याकडची बहुतेक वीज अजून कोळशावरच होते. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको, कोराडी-खापरखेड्याची कोळशावरची वीजकेंद्रं आपल्या उशाशीच आहेत आणि पुढे चंद्रपूर, ते एकटंच २९२० मेगावॅटचं. दुसरा आकडा, घरगुती सिलेंडर १४.२ किलोचं असतं आणि एक किलो गॅस जळला की जवळपास ३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे एका सिलेंडरमागे ४२-४३ किलो. (माझ्या मुलीने विचारलं एक किलोचे तीन किलो कसे होतात, तर जळताना हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, त्याचं वजन असतं ते.) तिसरा, पेट्रोलच्या एका लिटरमागे २.३ किलो.

आमचं वर्षाचं निघालं ते असं: २९०० युनिट म्हणजे २०३० किलो, ९ सिलेंडर म्हणजे ३८० च्या आसपास, आणि महिन्याला २६ लिटर पेट्रोल धरून वर्षाचे ७१८ किलो. झाले तीन टनाच्या वर. यात बाहेरून आणलेल्या वस्तू, जेवण, प्रवास काही धरलेलं नाही, तरी कुठे हात घालायचा ते कळायला एवढं पुरतं. आणि त्या २९०० युनिटपैकी तेराशेच्या वर एकट्या एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांत गेले होते! मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो, सगळी बिलं नसली तरी तेवढ्यावरून वर्षाचा अंदाज येतो. हा हिशोब केल्याशिवाय पुढचं काही करू नका असं मी सगळ्यांना सांगते, कारण प्रत्येक घराचा मोठा खर्च वेगळ्या ठिकाणी असतो. माझ्या बहिणीकडे सगळा खेळ कारच्या डिझेलचा निघाला.

सगळ्यात आधी छत

वरच्या मजल्यावर राहत असाल किंवा स्वतःचं घर असेल तर एसीच्या आधी छताकडे बघा. आपला स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री दोन-तीन वाजेपर्यंत खोलीत सोडत राहतो, म्हणून तर रात्री पंख्याखाली गरम हवा येते. स्लॅब पांढरा केला तर ऊन बरंचसं परत फेकलं जातं. बाजारात कूल रूफचे पेंट मिळतात, ते टिकतात पण महाग. आम्ही चुना लावतो, दरवर्षी, होळीच्या आसपास, आणि तो सगळा कार्यक्रम घरची माणसंच करतात.

आदल्या दिवशी गच्ची झाडून घ्यायची, शेवाळ असेल तर तारेच्या ब्रशने घासून धुवायची, भेगा असतील तर बुजवायच्या. चुना मोठ्या लोखंडी टबमध्ये भिजत घालायचा आणि रात्रभर ठेवायचा. कळीचा चुना असेल तर तो पाण्यात पडला की अक्षरशः उकळतो, लहान मुलांना लांब ठेवा, हातात मोजे आणि डोळ्यावर चष्मा पाहिजेच, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. सकाळी तो पातळ कापडाने गाळून घ्यायचा, त्यात फेविकॉलसारखा पांढरा गोंद घालून नीट ढवळायचा म्हणजे बोटाला लागत नाही आणि पहिल्या वाऱ्याने उडत नाही. ताकापेक्षा थोडा दाट ठेवायचा. मग लांब दांड्याच्या ब्रशने किंवा सरळ केरसुणीने पहिला हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा. ऊन चढायच्या आत, सहा ते आठमध्ये उरकायचं, नाहीतर टाकल्या टाकल्या वाळतो आणि पापुद्रे निघतात. पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, म्हणून दरवर्षी.

पहिल्या वर्षी आम्ही अर्ध्याच गच्चीला चुना पुरला. दुपारी दोन वाजता सासूबाई वाळवणाचे पापड आणायला अनवाणी गेल्या, पांढऱ्या भागावरून नेहमीसारख्या चालत गेल्या आणि जिथे चुना संपला तिथे पाय ठेवल्याबरोबर "आई गं" करून परत उडी मारून पांढऱ्यावर आल्या. त्यानंतर घरात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

कूलर आधी, एसी नंतर

दीड टनाचा एसी, त्यातून जुना असेल तर, रात्रभरात आठ-दहा युनिट सहज खातो. कूलर दोनशे वॅटच्या आसपासचा, आठ तासांत दीड-पावणेदोन युनिट. आपल्याकडे मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवा एवढी कोरडी असते की कूलरला दुसरीकडे कुठे मिळणार नाही असं काम मिळतं, पाणी पटापट उडतं आणि हवा थंड होते. पाऊस सुरू झाला की मात्र कूलर फक्त चिकचिक करतो, तेव्हा बंद करा.

लोकांचा कूलर थंड करत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, खिडक्या बंद. एसीची सवय झालेली असते ना. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला समोरच्या बाजूची खिडकी चार-सहा बोटं उघडी पाहिजे, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि माणूस म्हणतो कूलर बेकार आहे. कूलर खोलीच्या आत ठेवू नका, त्याची पाठ बाहेरच्या हवेला पाहिजे, शक्यतो सावलीत.

ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूच्या गवताच्या जाळ्या, दरवर्षी बघा. आपलं पाणी जड, क्षार बसून गवत दगडासारखं होतं आणि हवा शिरतच नाही. गवत दर सीझनला बदलायचं, वाळ्याचं मिळालं तर वास सुंदर येतो पण महाग पडतं, हनीकोंब पॅड दोन-तीन वर्षं चालतात. पाणी लागतं हे खरं आहे, रोज दोन-चार बादल्या तरी जातात, त्यामुळे ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी हा विचार करूनच ठरवावं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, ते पाणी झाडांना, आणि हे चुकवायचं नाही कारण डेंग्यूचा डास त्याच पाण्यात होतो.

आता एसी. आमच्याकडे आहे आणि मे महिन्यात लागतो, सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे एसी काढून टाका असं मी कोणालाच म्हणणार नाही. पण २६-२७ वर ठेवून सोबत पंखा लावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशोबाने तापमान एक डिग्री वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि जानेवारी २०२० पासून नवीन एसी सुरू केल्यावर आपोआप २४ वर येतो तो यासाठीच. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, एसी नुसता जास्त वेळ चालतो.

एसीबद्दल एक गोष्ट मात्र फार कमी लोक बोलतात आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते, ती म्हणजे आतला गॅस. पुष्कळ एसीत आर-४१०ए असतो, त्याचा एक किलो हवेत सुटला तर तो जवळपास २ टन कार्बन डायऑक्साइडइतकं तापवण्याचं काम करतो. जुन्या आर-२२ चंही थोडंफार तसंच, वर तो ओझोनही खातो. म्हणजे आम्ही वर्षभर लाईट-पंखे सांभाळून जे वाचवलं ते एका गळतीत गेलं! आमच्याकडे दोन उन्हाळे मेकॅनिक येऊन "गॅस कमी झाला" म्हणून भरून गेला, गळती शोधलीच नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. गॅस हा पेट्रोलसारखा संपत नसतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी पाईपला भोक आहे. तर मेकॅनिकला सांगा, आधी साबणाच्या पाण्याने जोड तपासा, गळती बंद करा, मगच भरा, आणि जुना एसी काढताना गॅस हवेत सोडू नका, काढून घ्या. नवीन घ्यायचा झाला तर लेबलवर आर-३२ बघा, तो एक तृतीयांशावर येतो, आर-२९० मिळाला तर प्रश्नच मिटला, त्याचा परिणाम नगण्य आहे.

पंख्यांचं थोडक्यात: जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणारा एक पंखा बदलला की महिन्याचे २० युनिट वाचतात. सगळे एकदम बदलू नका, जो सगळ्यात जास्त चालतो तो आधी, आमच्याकडे हॉलचा. आणि भिंतीवर जुना डब्यासारखा मोठा रेग्युलेटर असेल तर तो पंखा हळू करताना उरलेली वीज उष्णतेत घालवतो, हात लावून बघा, गरम लागेल. गीझरचं म्हणाल तर अंघोळीच्या दहा मिनिटं आधी लावा, काम झालं की बंद करा, थर्मोस्टॅट ५० वर आणा, आणि शॉवरऐवजी बादली. एवढंच.

स्वयंपाकघर

इथे मला एक गैरसमज दूर करायचाय. गॅस वाईट आणि इंडक्शन चांगलं असं सरसकट सांगितलं जातं. आजच्या आपल्या विजेवर तसं होत नाही. तेवढीच डाळ इंडक्शनवर शिजवली तर कोराडीच्या धुराड्यातून निघणारा कार्बन गॅसच्या जवळपास दुप्पट भरतो, कारण कोळशाच्या उष्णतेतली बरीचशी वीज बनतानाच वाया जाते. छतावर सोलर असेल आणि दुपारी शिजवणार असाल तर इंडक्शन नक्की घ्या. नसेल तर गॅसच नीट वापरा, आणि नीट वापरण्यात खूप काही आहे.

डाळ, राजमा, छोले, मटकी, सगळं भिजवून मगच कुकरला. तूरडाळसुद्धा अर्धा तास भिजली तर शिट्ट्या कमी लागतात. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा, कारण आत पाणी उकळायला लागल्यावर आच मोठी ठेवून तापमान वाढत नाही, फक्त वाफ बाहेर जाते. एकाच कुकरमध्ये डाळ, भात आणि बटाटे तीन डब्यात. ज्योत पिवळी दिसायला लागली किंवा भांड्याची बुडं काळी व्हायला लागली की बर्नर सोड्याच्या पाण्यात टाकून टाचणीने भोकं मोकळी करा.

आणि गोधडी! ही सासूबाईंची रीत, त्यांच्या माहेरी काटोलला लाकडं वाचवायला करायच्या. जाड बुडाच्या पातेल्यात भात किंवा डाळ दहा मिनिटं खळखळ उकळू द्यायची, झाकण घट्ट लावून, गॅस बंद, पातेलं लगेच टोपलीत ठेवून वर-खाली जुन्या गोधड्या दाबून भरायच्या, हवेला वाट राहता कामा नये, आणि पाऊण-एक तास उघडायचं नाही. भात असा मोकळा शिजतो की बस, करपायचा प्रश्नच नाही. डाळ भिजवलेली असेल तर दीड तास. पातेलं भरलेलं पाहिजे, वाटीभर भाताला ही रीत जमत नाही, उष्णता टिकत नाही. राजमा मात्र असा करू नका, तो कुकरलाच पूर्ण शिजवा, अर्धवट शिजलेला राजमा पोटाला त्रास देतो. आमची वर्षाची ९ सिलेंडरं ७ वर आली ती मुख्यतः या गोधडीने आणि भिजवण्याने.

ओला कचरा

घरचा ओला कचरा भांडेवाडीच्या कचरा डेपोला जाऊन ढिगाऱ्यात दबला की हवा न लागता कुजतो आणि मिथेन होतो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तापवतो. तोच कचरा घरी हवेशीर कुजला तर मिथेन जवळपास होतच नाही. एक जुना ड्रम घ्या, बाजूला आणि बुडाला भोकं पाडा, खाली वाळक्या काड्या. रोजच्या एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या वाळका पाला, मधून मधून आंबट ताकाचा शिपका, आठवड्यातून एकदा काठीने हलवायचं. वास आला म्हणजे पाला कमी पडला, किडे दिसले तर घाबरू नका, पाला वाढवा. संत्र्याच्या साली एकदम ढीगभर टाकू नका, बारीक तुकडे करून थोड्या थोड्या टाका. आणि पाला विकत आणायची गरज नाही, फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब आणि पिंपळ रस्ताभर पानं टाकतात, सकाळी झाडून लोक काडी लावतात, तो धूर बघून माझा जीव तुटतो. दोन पोती भरून ठेवली की वर्षभर पुरतात. शेजाऱ्यांकडे मी स्वतः पोतं घेऊन जाते आणि मागून आणते, आता ते जाळत नाहीत, माझ्यासाठी ठेवतात.

जेवणात काय खावं यावर मी फार बोलणार नाही. टाकू नका, हे पहिलं. मटण आठवड्याला दोनदा असेल तर एकदा करा, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातूनही मिथेनच निघतो. आणि भाताच्या जोडीला ज्वारीची भाकरी परत आणा, धानाच्या पाण्याने भरलेल्या बांधीतून, म्हणजे शेतातून, मिथेन निघतो, ज्वारीला तसं उभं पाणी लागत नाही.

गाडी आणि प्रवास

ऑफिस सीताबर्डीला असल्याने मी सुभाष नगरवरून मेट्रोची ॲक्वा लाईन पकडते, घरून स्टेशनपर्यंत सायकल. पावसात गाडीच काढते, खोटं का सांगू. आठवड्यातले तीन-चार दिवस जमलं तरी पेट्रोल निम्म्यावर येतं. मेट्रो जवळ नसेल तर एकाच दिशेला जाणारी कामं एका फेरीत करा, टायरची हवा दर पंधरा दिवसांनी बघा, सिग्नलवर गाडी बंद करा.

गाडी बदलायची वेळ आलीच असेल तर इलेक्ट्रिक स्कूटर घ्या, आणि इथे "पण वीज तर कोळशाचीच" हा वाद टिकत नाही. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ धरली तर १०० किलोमीटरला साधारण ५ किलो कार्बन. इलेक्ट्रिकला तेवढ्याच अंतराला तीन-साडेतीन युनिट, म्हणजे कोळशाच्या विजेवरही सव्वादोन-अडीच किलो. निम्मं. इंडक्शनचं उलटं येतं आणि स्कूटरचं सुलटं, कारण पेट्रोलचं इंजिन बहुतेक इंधन नुसतं तापण्यात घालवतं. चालती गाडी मात्र भंगारात काढून नवी घेऊ नका, नवी बनवतानाही कार्बन जातोच.

मुंबईला विमानाने गेलं तर एका माणसामागे एका बाजूचे साठ-सत्तर किलो धरा. चौघांचं जाणं-येणं झालं की पाचशेच्या वर, म्हणजे बारा सिलेंडर! विदर्भ किंवा दुरांतो एक्सप्रेसमध्ये रात्री बसा, सकाळी मुंबई. तिकीट मिळत नाही ही खरी अडचण आहे, म्हणून लग्नाची तारीख कळली की आम्ही त्याच दिवशी रिझर्वेशन करतो.

सोलर आणि वही

स्वतःचं छत असेल तर तीन किलोवॅटचं पॅनल दिवसाला सरासरी बारा युनिट देतं, आमच्यासारख्या घराला पुरून उरतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, आणि सोसायट्यांना लिफ्ट, पंप, जिन्यातले लाईट यासाठी किलोवॅटमागे १८,०००. पण मी सोलर शेवटी ठेवलंय ते मुद्दाम, आधी वापर खाली आणा, मग किती किलोवॅट लागतं ते ठरवा, नाहीतर वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनल विकत घेतल्यासारखं होतं. आमचं अजून लागलेलं नाही, पैसे जमवतोय. लागलं की पॅनल धुवायचं काम मुलाने आत्ताच मागून घेतलंय, आपल्याकडे धूळ एवढी की पंधरवड्याने पुसावंच लागेल.

फ्रीजवर एक वही अडकवलेली आहे. दर महिन्याला बिल आलं की युनिट, नवीन सिलेंडर लावलं त्याची तारीख, आणि पेट्रोलचे लिटर. पैसे लिहू नका, दर बदलत राहतात, युनिटच लिहा. आणि मागच्या महिन्याशी तुलना करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. चुना लावण्याआधीच्या मे महिन्यात आमचे ४८६ युनिट होते, यंदाच्या मे महिन्यात २९४. महावितरणचा ३०० युनिटच्या वरचा महाग दर लागलाच नाही.